पाइल घेऊनही दर उन्हाळ्यात भेगा? काळ्या मातीतल्या घराची तपासणी कुठून सुरू करायची

सांगली-मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात भेगांच्या तक्रारीवर बोलावणं आलं की घरमालक आधी हेच सांगतात: "साहेब, पाइल मारल्यात की ओ, सगळ्या कॉलमखाली. तरी भिंती फाटायला लागल्यात." पाइल म्हणजे घराचं वजन खोल जमिनीत नेणारा काँक्रीटचा खांब. त्यांचा राग रास्त असतो. साध्या पायापेक्षा जास्त पैसे मोजलेले असतात. दरवर्षी भेगा बुजवून रंग होतो आणि पुढच्या चैत्रात त्याच जागी तीच भेग उभी राहते.

अशा घरांत पाइल मोडलेली क्वचितच सापडते. दोष बहुधा पाइलच्या आजूबाजूला असतो. काळ्या मातीत पाइल एकाच अटीवर उपयोगी पडते: घराने जमिनीला फक्त पाइलमधूनच टेकायचं. बीम, फरशी, ओटा, जिना यातलं काहीही फुगणाऱ्या मातीवर टेकलं, की काही भाग पाइलवर स्थिर आणि काही भाग मातीबरोबर वरखाली, अशी ओढाताण सुरू होते. ती भिंतीवर दिसते. म्हणून खालची सगळी तपासणी म्हणजे माती घराला कुठे हात लावतेय याचा शोध आहे.

ही माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झाली आहे. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज थरांच्या मध्ये पाणी ओढून घेतं आणि फुगतं, वाळलं की आक्रसतं. वैशाखात रानात हात जाईल अशा भेगा पडतात आणि मृग-आर्द्रात त्या मिटतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. घराखालीही तेच चालू असतं. कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन जिथे जमीन चोपण झाली आहे तिथे सोडियम वाढलेलं असतं आणि अशी माती जास्त फुगते. चोपण रान बिगरशेती करून प्लॉट पाडले असतील तर दुप्पट सावध राहा.

लक्षणं

खिडकी-दरवाज्याच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून चढणारी भेग ही मुख्य खूण. ती हंगामाप्रमाणे उघडते आणि मिटते. वरच्या बाजूला रुंद असेल तर घराच्या कडा खाली गेल्यात किंवा मधला भाग वर आलाय. खालच्या बाजूला रुंद असेल तर उलटं. फरशी खोलीच्या मधोमध फुगते, चालताना पोकळ वाजते, भिंतीलगतचं स्कर्टिंग फरशीपासून सुटतं. आतल्या पडद्या, म्हणजे फरशीवरच उभ्या केलेल्या अर्ध्या विटेच्या भिंती, स्लॅबखाली दाबल्या जाऊन फुटतात. ओटा आणि पायऱ्या घरापासून सुटतात. दरवाजे घासतात.

काही भेगांचा पायाशी संबंध नसतो, त्या आधी वेगळ्या काढा. सर्वात वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली गेलेली सरळ आडवी भेग उन्हाने स्लॅब ताणल्याची असते. कॉलम आणि विटकामाच्या सांध्यातली सरळ उभी रेघ म्हणजे गिलाव्यात जाळी न मारल्याचा परिणाम. गिलाव्यावरचं केसासारखं जाळं पाणी कमी मारल्याने येतं. या तिन्हींसाठी पाया उकरू नका.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पेन्सिल आणि पट्टी घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून तारीख लिहा, मधे रुंदी मोजून तीही भिंतीवरच लिहा. महिन्यातून एकदा मोजा. उन्हाळ्यात ४ मिमी आणि श्रावणात १ मिमी असा आकडा आला तर गुन्हेगार मातीच. बाराही महिने एकाच दिशेने वाढत असेल तर प्रकरण वेगळं आहे: पाया खचतोय, किंवा एखादी पाइल वर उचलली जातेय. निदानाची निम्मी लढाई इथेच जिंकली जाते आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. एका भेटीत भेग पाहून कुणी पायाचा खर्च सांगत असेल तर ऐकू नका.

घासणाऱ्या दरवाज्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे असतील तर लाकूड पावसाने फुगलंय, सुतार बोलवा. फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे, म्हणजे भिंत हलली आहे.

मग लेव्हल पाइप. गवंड्याकडे असतो तोच, पारदर्शक, पाण्याने भरलेला. जोत्यावर घराभोवती एका पातळीत खुणा करा. पण ही पातळी कशाच्या संदर्भात, हा प्रश्न उरतो, कारण अंगणातली प्रत्येक वस्तू मातीबरोबर हलते. अंगणात बोअर असेल तर त्याची केसिंग खाली खडकात बसलेली असते, तिच्यावर खूण करा. मे अखेरीस एकदा आणि हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर एकदा अशी मोजणी झाली, की कोणता कोपरा किती हलतो ते कागदावर येतं. पुढे इंजिनिअर आला तर हा कागद त्याच्यासाठी सोन्यासारखा आहे.

पाणी कुठून मुरतंय

माती ओली झाली किंवा वाळली म्हणून तक्रार नाही. घराच्या एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली, की घोळ होतो. म्हणून घराभोवती एक फेरी मारा. गच्चीचे पाइप जोत्याच्या बुडाशीच सोडलेत का? शोषखड्डा भिंतीला चिकटून आहे का? नवीन प्लॉटमध्ये जागा कमी, म्हणून तो हमखास कोपऱ्यातल्या पाइलशेजारीच घेतलेला असतो आणि तोच कोपरा बाराही महिने भिजत राहतो. जमिनीतली पाण्याची टाकी रात्री भरून झाकण लावा, मोटर बंद ठेवा, सकाळी पातळी पाहा. उतरली असेल तर गळती आहे. मोरी आणि संडासाच्या चेंबरमध्ये बादलीभर पाणी ओतून पुढच्या चेंबरला किती पोचतं तेही पाहा.

झाडांचं उलटं काम. निलगिरी, सुबाभूळ, पिंपळ, उंबर भिंतीजवळ असेल तर उन्हाळ्यात मुळं खालची ओल खेचतात आणि तेवढाच भाग बसतो. झाडाच्या उंचीएवढं तरी अंतर हवं. पण जुनं मोठं झाड घाईने तोडू नका. तोडल्यावर कोरडी पडलेली माती पुढची काही वर्षं हळूहळू पाणी घेत फुगत राहते आणि बसलेला कोपरा उलट वर यायला लागतो.

दुरुस्ती स्वस्त आहे. गच्चीचं पाणी नळीने लांब काढा. घराभोवती सव्वा-दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा. त्याचा भिंतीशी असलेला सांधा डांबरी किंवा लवचीक मसाल्याने भरा, कारण हा पट्टा स्वतः हलणारच. भिंतीलगतची फुलझाडांची वाफी उचला. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या आणि भिंतीवरचे आकडे पुन्हा पाहा. पुष्कळ घरांचं काम इथेच संपतं.

कुदळ लागणारी तपासणी

पाणी आवरूनही भेग हंगामाप्रमाणे खेळत असेल तर घराबाहेर, प्लिंथ बीमच्या (जोत्यात भिंतींखाली असतो तो बीम) लगत, दोन पाइलच्या मध्यावर हातभर रुंदीचा खड्डा घ्या. बीमचं बूड दिसेपर्यंतच. खाली जाऊ नका, लांब चर काढू नका.

बीमखाली काय आहे ते बघायचं. फुगणाऱ्या मातीत बीम जमिनीपासून किमान ८० मिमी वर उचललेला असावा, असं अंडररीम (तळाशी बल्बसारखा रुंद भाग असलेल्या) पाइलचं भारतीय मानक, आयएस २९११ भाग ३, सांगतं. बीमखाली चार बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. मिरज तालुक्यातल्या एका बंगल्यात असा खड्डा घेतला तेव्हा तिथे पट्टीची कडही जात नव्हती. काळी माती बीमच्या बुडाला इतकी घट्ट बसली होती की खुरप्याने ओढून काढल्यावर तिच्यावर काँक्रीटमधल्या खडीचे ठसे दिसत होते. ठेकेदाराने थेट मातीवरच बीम ओतला होता. साध्या जमिनीत सगळे तसंच करतात, म्हणून मिस्त्रीलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

हे किती महाग पडतं ते हिशोबानं बघा. बीम २३० मिमी रुंद, दोन पाइलमधलं अंतर ३ मीटर. बुडाचं क्षेत्र ०.६९ चौरस मीटर. फुगणारी माती चौरस मीटरला १० टन दाब देते असं धरलं, तर एका बीमला खालून जवळजवळ ७ टन रेटा. त्या बीमवरची ३ मीटर उंच, नऊ इंची विटांची भिंत साधारण ४ टनांची. म्हणजे माती भिंतीला सहज उचलते. बैठं घर दुमजलीपेक्षा जास्त फाटतं ते याच कारणाने. "एकच मजला आहे, पाया हलका चालेल" हा समज आपल्या भागात खूप नुकसान करतो.

दुरुस्ती म्हणजे बीमखालची माती काढून पोकळी करणं. ती टप्प्याटप्प्याने, एक गाळा (दोन पाइलमधला भाग) सोडून एक, आणि इंजिनिअर उभा असताना करायची. माती पुन्हा आत ढासळू नये म्हणून बाहेरच्या अंगाला शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावतात, त्यांचा बीमला आधार होऊ द्यायचा नाही. पोकळीत थर्माकोल भरायचा मोह टाळा. जाड थर्माकोल सहज दबत नाही, मातीचा रेटा वर पोचवतोच.

आणि हे नीट लक्षात ठेवा: घर पाइलवर आहे याची पक्की खात्री नसेल तर बीमखालची किंवा पायाखालची माती चमचाभरही काढू नका. दगडी किंवा पट्टी पायाचं घर त्याच मातीवर उभं असतं. तिथे हाच उपाय भिंत पाडेल.

फरशी, ओटा, जिना

खोलीतली एक फरशी काढून जोत्यात काय भरलंय ते पाहा. पायासाठी खणलेली काळी माती जोत्यातच परत टाकणं ही सर्रास चाललेली गोष्ट आहे. वाहतूक वाचते, आणि घरमालकाला आयुष्यभराची फुगणारी फरशी मिळते. बांधताना माती सुकी असते. वरून फरशी बसल्यावर बाष्पीभवन थांबतं, ओल हळूहळू मधोमध साठते आणि फरशी तिथेच वर येते. उपाय एकच: निदान ६०-९० सेंमी खोल काळी माती काढून न फुगणारा मुरूम १५-२० सेंमीच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून भरणं. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा असा थर खालच्या फुगवट्याला आवर घालतो हे मुंबई आयआयटीतल्या प्रा. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आलं आणि कालव्यांच्या अस्तरांसाठी ती पद्धत वापरली गेली. वाळू भरू नका. वाळू पाण्याची टाकी होते आणि खालच्या काळ्या मातीला सावकाश पाजत राहते.

फरशी आणि भिंत यांच्यात सांधा मोकळा ठेवा. ओटा, पायऱ्या, कंपाउंडची भिंत घराच्या बीमला सळईने बांधलेली असेल तर तोडून सांधा करा. त्या हलणारच, हलू द्या, फक्त घराला ओढू देऊ नका.

मातीची चाचणी

इथपर्यंत उत्तर मिळालं नाही, किंवा शेजारी नवीन खोली काढायची आहे, तर मातीचे नमुने प्रयोगशाळेत द्या. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सिव्हिल विभागात आणि खासगी प्रयोगशाळांत या चाचण्या होतात. एका रंगकामापेक्षा हा खर्च कमीच. मुक्त फुगवटा निर्देशांक नक्की मागा. आयएस २७२० भाग ४० प्रमाणे भट्टीत वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये ११ मिली आणि पाण्यात २२ मिली भरली तर निर्देशांक १०० टक्के. ५० च्या खाली कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, त्यापुढे अतिशय जास्त, अशी आयएस १४९८ ची वर्गवारी आहे. चोपण भागात सल्फेट आणि क्लोराइडही तपासा, काँक्रीट खराब होण्याचा आणि सळई गंजण्याचा प्रश्न त्यांच्याशी जोडलेला आहे.

काळी माती किती खोल आहे हा आकडा मात्र सगळ्यात मोलाचा. जत, आटपाडीकडे पुष्कळ ठिकाणी एक-दीड मीटरवरच मुरूम लागतो. तिथे पाइलचा हट्ट कशाला? मुरमापर्यंत खणा, फुटिंग (कॉलमचा पसरट पाया) मुरमावर बसवा, बाजूने मुरूमच भरा. नदीकाठच्या खोल काळीत मात्र पाइललाच पर्याय नाही.

पाइलमध्येच खोट असेल तर

हे सगळ्यात शेवटी, कारण इथे पैसेही जास्त आणि दुरुस्तीही अवघड. नवीन बांधणाऱ्यांनी तर हा भाग काम सुरू व्हायच्या आधी वाचावा.

खोल काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरखाली हंगामी हालचाल नगण्य होते, म्हणून पाइल किमान ३.५ मीटर जावी असा दंडक आहे. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अंडररीम पाइलला तळाशी दांड्याच्या साधारण अडीचपट व्यासाचा बल्ब असतो. ३०० मिमी पाइलला ७५० मिमी. वरची माती फुगून पाइलला वर खेचते तेव्हा हा बल्ब खालच्या स्थिर मातीत रुतून तिला धरून ठेवतो.

खेच किती? ३०० मिमी पाइलचा घेर ०.९४ मीटर. वरची २ मीटर माती फुगते आणि चौरस मीटरला ४ टनांनी चिकटून ओढते असं धरा. ०.९४ गुणिले २ गुणिले ४, म्हणजे साडेसात टन. बैठ्या घराचा त्या पाइलवर ५ टन भार असेल तर उरलेले अडीच टन बल्बने आणि खालच्या दांड्याने धरायचे, आणि तेवढा ताण सळईने घ्यायचा. काँक्रीट ताण घेत नाही. म्हणून सळई तळापर्यंत हवी. वरच्या दीड मीटरपुरताच पिंजरा सोडला तर पिंजरा संपतो तिथे पाइल तुटते आणि वरचा तुकडा दरवर्षी थोडा थोडा वर येतो. वर सांगितलेली, एकाच दिशेने वाढणारी भेग अशाने पडू शकते. आणखी एक: मे महिन्यात पाइल ओतून बांधकाम दिवाळीनंतर सुरू करायचं, असं पुष्कळजण करतात. तोवर वर भार शून्य. पूर्ण साडेसात टन खेच पावसाळाभर मोकळ्या पाइलवर येते. तसं करायचंच असेल तर डिझाइन करणाऱ्याला आधी सांगा.

बल्ब झाला की नाही हे ओततानाच कळतं. ३०० मिमी जाड, ३.५ मीटर लांब पाइलच्या नुसत्या दांड्याला पाव घनमीटर काँक्रीट लागतं, एका बल्बसह ०.३२ च्या आसपास. घमेल्यांत पाच-सहा घमेली जादा. ती गेली नाहीत तर काम थांबवा. ओतण्याआधी भोकात वाकवलेल्या सळईचं टोक फिरवून बल्बचा घेर चाचपा आणि तळाची सुटी माती काढायला लावा. भोकाचं तोंड ढासळून रुंद झालं असेल तर वरच्या अर्ध्या मीटरला पत्र्याचा किंवा पीव्हीसीचा पाइप घाला. नाहीतर काँक्रीट बाहेर पसरून पाइलला छत्रीसारखं डोकं होतं आणि माती त्या डोक्याला खालून ढकलते.

उसाच्या पट्ट्यात भोकाला पाणी लागणं नेहमीचंच. पाण्यात बल्बची माती ढासळते. तिथे बेंटोनाइट (भोकाच्या कडा धरून ठेवणारा मातीचा गाळ) आणि ट्रेमी पाइप (पाण्याखाली तळापासून काँक्रीट सोडायचा पाइप) यांचं काम जाणणारा ठेकेदार लागतो. हाताच्या ऑगरने (भोक पाडायच्या गिरमिटाने) काम करणाऱ्या टोळीकडून ते रेटून करून घेऊ नका.

इथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा

भेग ५ मिमीच्या पुढे गेली, किंवा हंगाम न पाहता वाढतच आहे. कॉलमला किंवा बीमला तडा आहे, सळई दिसते आहे. ओळंबा लावल्यावर भिंत कललेली दिसते. पूर येऊन गेल्यावर भेगा एकदम वाढल्या. पाया कोणत्या प्रकारचा आहे हे कुणालाच माहीत नाही. वर मजला चढवायचा आहे. यापैकी एकही गोष्ट असेल तर स्वतः खणू नका. कॉलमला तडा असेल तर आधी ती खोली रिकामी करा, फोन नंतर.

बोलावताना भेगांच्या तारखांचा कागद, लेव्हलच्या नोंदी, मातीचा अहवाल आणि बांधतानाचे फोटो असतील तर पुढे ठेवा. जुन्या पाइलची लांबी आणि ती कुठे तुटली आहे का हे हातोडीच्या ठोक्याने तपासायची इंटिग्रिटी टेस्ट असते, पण बीमखाली दडलेल्या पाइलवर तिचं वाचन अवघड असतं. ते काम अनुभवी माणसाचंच. नवीन पाइल घालून बीम उचलून धरायची वेळ आली तर डिझाइन, देखरेख आणि ठेका या तीन गोष्टी एकाच माणसाच्या हाती देऊ नका.

भेग बुजवायची ती कारण काढून एक वर्ष गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, जेव्हा माती ना पूर्ण ओली ना पूर्ण कोरडी असते. ऐन मे महिन्यात उघडी भेग सिमेंटने ठासून भरली तर पावसाळ्यात मिटायला तिला जागा राहत नाही आणि शेजारची वीट फुटते. लवचीक सीलंट भरा, वर जाळी मारून गिलावा करा, आणि पेन्सिलच्या खुणा रंगाखाली घालण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.